चर्चच्या शेजारीच पब का असतो?

इंग्लंडच्या खेड्यांत वीकेंडला निवांत भटकायला गेलं की एक गोष्ट सारखी दिसते, चर्चमधून बाहेर पडलं की चार पावलांवर पब. आपल्याला जरा विचित्रच वाटतं, देवाच्या दाराशी दारू म्हणून. पण गंमत अशी की कित्येक गावांत आधी चर्चच दारू बनवायचं.

झालं असं की मध्ययुगात चर्चच्या डागडुजीची वाटणी ठरलेली होती, वेदीकडचा भाग पाद्र्याकडे आणि लोक जमतात तो मोठा हॉल छपरासकट गावाकडे. आता छपराला पैसे आणायचे कुठून? मग चर्चचे कारभारी माल्ट जमवायचे, त्याची एल, म्हणजे एक प्रकारची बियर, बनवायचे आणि सणासुदीला, विशेषतः ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या व्हिटसनच्या सुमारास, ती गावाला विकायचे, नाच काय, खेळ काय, शेजारच्या गावांनाही बोलावणं. यालाच चर्च एल म्हणायचे. आधी हे सगळं चक्क चर्चच्या आत चालायचं, तेव्हा आत बाकडी फारशी नसायचीच, मोकळी जागा. पुढे धर्माधिकाऱ्यांची कुरकुर वाढली, बाकडीही आली, मग 15व्या-16व्या शतकात शेजारी वेगळी इमारत बांधायला लागले, चर्च हाऊस. नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन आणि सॉमरसेट परगण्यांत अशी बरीच होती.

डेव्हनच्याच मोरबाथ गावाचे हिशेब टिकलेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. तिथला पाद्री क्रिस्टोफर ट्रिकी 1520 ते 1574 एकाच गावात राहिला, आठवा हेन्री, एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ, चौघांची राजवट त्याने पाहिली आणि पै न् पै लिहून ठेवली. 1547 नंतर प्रोटेस्टंट एडवर्डच्या काळात फतवे सुटले, मूर्ती काढा, भिंतीवरची चित्रं चुन्याने पुसा, एल बंद. गावाची कमाईच गेली. 1549 मध्ये एक्झेटर शहराजवळ चर्चमध्ये सक्तीच्या केलेल्या नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बंड झालं तेव्हा या एवढ्याशा गावाने बंडखोरांच्या बाजूने पाच तरुण पाठवले होते. मला तर यात धर्माइतकाच रिकाम्या तिजोरीचा राग दिसतो.

कॅथलिक मेरीच्या काळात एल परत आली, पण पुढे प्युरिटन मंडळींना, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांना, ती खुपायचीच. 1630च्या दशकात सॉमरसेटमध्ये न्यायाधीश रिचर्डसनने बंदी घातली तर आर्चबिशप लॉडने त्यालाच झापलं, आणि बिशप पिअर्स तर उघड म्हणाला की याच पैशांतून चर्चं दुरुस्त होतात, घंटा ओतल्या जातात! तरी हळूहळू प्रथा गेलीच. चर्च हाऊस मग कुठे गरिबांना राहायला दिलं, कुठे शाळा झाली आणि कुठे सरळ पब. हारबर्टन, रॅटरी, होल्न इथल्या पबचं नाव आजही चर्च हाऊस इनच आहे.

अर्थात सगळे पब असे नाहीत. ग्लास्टनबरीचा जॉर्ज अँड पिलग्रिम्स मठाने यात्रेकरूंसाठी बांधलेला, आणि 1830च्या कायद्याने दोन गिनी (जुनं इंग्रजी नाणं) भरून कुणालाही घरात बियर विकता यायला लागली तेव्हा तर गल्लोगल्ली दुकानं निघाली.

पण चर्च बघून दुपारभर पबमध्ये लोळायचं हे सुख मात्र अगदी अलीकडचं. पहिल्या महायुद्धात कामगार पिऊन पडू नयेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला, तो इतर दिवशी 1988 ला उठला आणि रविवारी तर थेट 1995 ला.