साधन तपासायचे की सेवा? प्राथमिक आरोग्यसेवेतील डिजिटल मूल्यमापनाची पार्श्वभूमी

औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवण्याची पद्धत वैद्यकशास्त्रात विसाव्या शतकाच्या मध्यावर रुळली. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवण्याचा तिथला दंडक पुढे सर्वमान्य झाला. दवाखान्यात संगणक आला तेव्हा त्यालाही हीच फूटपट्टी लावली गेली. मात्र गोळीतले द्रव्य ठरलेले असते. सॉफ्टवेअर दर आवृत्तीगणिक बदलते आणि समोर असूनही ते उघडले जाईलच असे नाही.

सुरुवातीचा प्रश्न अचूकतेचा होता. इंग्लंडमधील लीड्स येथे डी डोम्बाल आणि सहकाऱ्यांनी पोटात अचानक दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संगणकाचे निदान ९१.८ टक्के, तर ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के वेळा बरोबर ठरले. दोन वर्षांनी आलेला पुढचा अहवाल माझ्या मते अधिक बोलका आहे, कारण प्रयोग चालू असताना डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारले आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा घसरले, असे त्यात आढळले. श्रेय संगणकाच्या उत्तराला द्यायचे की ठरावीक तक्त्यात लक्षणे नोंदवण्याच्या शिस्तीला, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

अमेरिकेत क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये वेगळ्या अंगाने विचार केला. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना संगणकाने आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी सुमारे ५१ टक्के प्रसंगी योग्य कृती केली. आठवण नसताना हे प्रमाण २२ टक्के होते. चुकांचे मूळ अज्ञानात नसून माहितीच्या ओझ्यात आहे, हा त्यांचा निष्कर्ष फॅमिली डॉक्टरांच्या कामाला तंतोतंत लागू पडणारा होता.

मग हीच युक्ती प्राथमिक सेवेत सर्वत्र चालायला हवी होती. ईशान्य इंग्लंडमधील ६० दवाखान्यांत तिची परीक्षा झाली आणि २००२ मध्ये निष्कर्ष आले. काही दवाखान्यांच्या संगणकांत दम्याची, तर उरलेल्यांत हृदयशूळाची (अँजायना) मार्गदर्शक तत्त्वे बसवली होती, जेणेकरून प्रत्येक गट दुसऱ्या आजारापुरता तुलनागट ठरावा. रचना चोख होती, पण उपचारांच्या पद्धतीत वा रुग्णांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक पडला नाही. डॉक्टरांनी सॉफ्टवेअर फारसे वापरलेच नव्हते. सूचना पडद्यावर नको त्या वेळी यायची, ती हाताळणे जिकिरीचे होते आणि मजकुरातून नवे काही हाती लागत नव्हते, असे त्यांच्याशी बोलल्यावर कळले. साधनाइतकीच त्याभोवतीच्या कामाची घडी तपासली पाहिजे, हे या फसलेल्या प्रयोगाने शिकवले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने गुंतागुंतीच्या, म्हणजे अनेक घटक एकमेकांवर अवलंबून असलेल्या, उपाययोजनांच्या मूल्यमापनाचा आराखडा २००० मध्ये काढला आणि २००८ व २०२१ मध्ये सुधारला, तो याच दिशेने.

दूरस्थ देखरेखीचा, म्हणजे घरी असलेल्या रुग्णाच्या प्रकृतीवर उपकरणांद्वारे दुरून लक्ष ठेवण्याचा, सर्वांत गाजलेला प्रयोग इंग्लंडच्या आरोग्य खात्याने कॉर्नवॉल, केंट आणि न्यूहॅम येथे केला. १७९ दवाखान्यांतील मधुमेह, हृदयनिकामीपणा किंवा फुप्फुसांचा दीर्घ आजार असलेले ३,२३० रुग्ण त्यात होते. वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण देखरेखीच्या गटात ४.६ टक्के, तर तुलनागटात ८.३ टक्के निघाले. सविस्तर शोधनिबंध येण्याआधीच खात्याने ठळक आकडे जाहीर केले आणि लाखो रुग्णांपर्यंत ही सेवा नेण्याचा मनोदय व्यक्त केला. ही घाई अंगाशी आली. प्रयोगाच्या सुरुवातीला तुलनागटातील रुग्णांच्या रुग्णालयातील तातडीच्या भरतीच वाढल्या होत्या, त्यामुळे भरतीतील फरकाचा अर्थ लावणे अवघड असल्याचे २०१२ च्या शोधनिबंधात नमूद होते. २०१३ मध्ये तर चांगल्या प्रकृतीचे एक वर्ष मिळवण्याचा खर्च सुमारे ९२,००० पौंड, म्हणजे तिथे सामान्यतः मान्य असलेल्या २०,००० ते ३०,००० पौंडांच्या कितीतरी पुढे, असल्याचे दिसले.

त्याच दिवसांत ४२ दवाखान्यांतील चाचणीने आणखी एक समजूत मोडली. त्याच दिवशी भेट मागणाऱ्या रुग्णाशी डॉक्टर वा परिचारिका आधी फोनवर बोलल्याने काम हलके होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुढील २८ दिवसांतले एकूण संपर्क वाढले आणि खर्च जवळपास तेवढाच राहिला. ऑनलाइन सल्ल्याचे मूल्यमापन करताना हा निष्कर्ष विसरून चालत नाही.

अ‍ॅपचा पूर आल्यावर नियामकांना प्रत्येक साधनासाठी मोठ्या चाचणीची वाट पाहणे परवडेना. उपचारांची उपयुक्तता आणि खर्च पारखणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने साधन किती जोखमीचे काम करते त्यानुसार पुराव्याची पातळी ठरवणारी चौकट आणली, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये डिजिटल उपायांविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. जर्मनीने त्याच वर्षी कायदा करून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अ‍ॅपचा खर्च विम्यातून देण्याची सोय केली. पुरावा अपुरा असल्यास साधारण वर्षभर तात्पुरती मान्यता मिळते. या कायद्यात वैद्यकीय लाभाच्या बरोबरीने रुग्णाच्या सेवेची रचना वा प्रक्रिया सुधारणे हाही परिणाम म्हणून ग्राह्य धरला आहे.