मूड येण्याची वाट पाहू नका

जरा बरं वाटलं की बाहेर पडेन. हुरूप आला की कपाट आवरेन. मन थाऱ्यावर आलं की मैत्रिणीला फोन करेन. उदास असताना आपण सगळेच असं म्हणतो आणि ते अगदी रास्त वाटतं. पण गेल्या पन्नासेक वर्षांतलं मानसशास्त्रातलं संशोधन सांगतं की बऱ्याचदा गाडी उलट्या दिशेने चालते. आधी कृती होते आणि हुरूप तिच्या मागून येतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सोन यांनी १९७०च्या दशकात याची उकल केली. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सकाळची फेरी बंद होते, भजनाला जाणं राहतं, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलणंही नकोसं होतं. या प्रत्येक गोष्टीतून थोडा आनंद मिळत होता किंवा आपण कुणाच्या उपयोगी पडतो असं तरी वाटत होतं. तेच आटलं की मन आणखी खचतं आणि मग आणखी काही सुटतं. त्यात एक फसवी गोष्ट असते. लग्नाला जायचं नाही असं ठरवलं की त्या क्षणी खरंच सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढचं आमंत्रण टाळणं जास्त सोपं जातं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या एका प्रसिद्ध उपचारपद्धतीचे भाग सुटे करून तपासले. माणसाला पुन्हा हालचालीकडे, कामांकडे आणि माणसांकडे वळवणारा भाग एकटाच संपूर्ण उपचाराइतका गुणकारी ठरला.

याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारा रुग्ण ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच म्हणतो. अंग दुखतं, झोप लागत नाही, थकवा जात नाही, टेन्शन आहे, असं तो सांगतो. ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत ६ ते ८ भेटींचं समुपदेशन मिळालं. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती, आणि त्यांच्या कामाचा गाभा हाच होता: छोट्या, ठरवून केलेल्या कृती. ३ महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माझ्या मते आपल्या देशासाठी हा फार मोलाचा अभ्यास आहे, कारण प्रत्येक गावात मानसोपचारतज्ज्ञ पोचेल तो दिवस अजून लांब आहे.

या पद्धतीची सुरुवात साध्या वहीने होते. दिवसभरात काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं, ते ० ते १० मध्ये लिहायचं. दुपारी २ ते ४, आडवं पडून मोबाइल: ३. संध्याकाळी ५, कढीपत्त्याच्या कुंडीतली माती मोकळी केली: ५. रात्री ८, टीव्हीवर चर्चा: २. आठवडाभराच्या नोंदी समोर आल्या की कुठली गोष्ट मनाला जरा वर उचलते आणि कुठली खाली ओढते, ते आपलं आपल्याला दिसतं. मग वर उचलणाऱ्यांतली एखादीच निवडून ती दिवस, वेळ, जागा यांसकट लिहायची. ‘रोज व्यायाम करेन’ असं लिहून भागत नाही. ‘उद्या सकाळी ७ वाजता चपला घालून दूध केंद्रापर्यंत जाऊन येईन’ असं लिहावं. ठरलेल्या वेळी मन नाही म्हणेलच, तरी जायचं. परतल्यावर आकडा ३ वरून ४ झाला तरी पुष्कळ.

इथे घरच्यांना एक कळकळीची विनंती. ‘हातपाय हलव, आपोआप बरं वाटेल’ असं खडसावणं म्हणजे ही पद्धत नव्हे. उदास माणसाला स्वतःच्या आळसाची लाज आधीच वाटत असते, त्यात आपला टोमणा भर घालतो. गोव्यातल्या त्या भेटींत पायरी लहान होती, ती माणसाच्या आवडीची होती आणि सोबत शांतपणे ऐकून घेणारं कुणीतरी होतं. ‘चल, मीही येतो’ हे वाक्य उपदेशापेक्षा कितीतरी कामाचं आहे. आणि उदासी दोन आठवडे हटतच नसेल, जेवणझोप बिघडली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. १४४१६ या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

चिंतेचं गणित थोडं वेगळं आहे. उदासीत माणूस थांबतो, चिंतेत डोकं थांबतच नाही. ‘नको विचार करूस’ या सल्ल्याचा काही उपयोग होत नाही. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर ते अस्वल पुन्हापुन्हा त्यांच्या डोक्यात येत राहिलं. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये तपासलेला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. चिंतेसाठी रोज एक ठरावीक अर्धा तास आणि एक ठरावीक जागा राखून ठेवायची. दिवसभरात काळजी डोकावली की ती टिपून ठेवायची, ‘साडेसहाला बघू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. जागा शक्यतो अंथरुणाची नको आणि वेळ झोपेआधीची नको. साडेसहाला कागद उघडला की त्यातल्या काही काळज्या तोवर विरून गेलेल्या असतात. उरलेल्यांचं काय करायचं? ‘पैशांचं कसं होणार?’ या प्रश्नाला अंत नाही. ‘सोमवारी बँकेत जाऊन हप्ता पुढे ढकलता येतो का ते विचारायचं’ हे मात्र करता येतं. जे अजिबात आपल्या हातात नाही, तेही लिहावं आणि पुढे ते खरंच घडलं का ते तपासावं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सतत चिंता करण्याचा विकार असलेल्या २९ जणांनी हेच केलं. त्यांच्या सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत.

छातीत धडधडत असेल तेव्हा कागदापेक्षा श्वास लवकर कामाला येतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. प्राणायाम करणाऱ्यांना हे नवं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापलं, तेच योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याच्या ध्यासातून. २०२३ मधल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात महिनाभर रोज ५ मिनिटं लांब उच्छ्वासाचा सराव करणाऱ्यांची मनःस्थिती तितकाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली.

राहिली रात्र. दिवा मालवला की उद्याची कामं डोक्यात रांग लावतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी ५ मिनिटं लिहायला लावलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी केली, काहींनी झालेल्या कामांची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं आधी झोप लागली, आणि त्यांच्यातही ज्यांनी यादी जास्त नेमकी केली होती, ते आणखी लवकर झोपले.