शकुंतला रेल्वे

वऱ्हाडातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अरुंदमापी रेल्वेमार्ग. रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिमी. मूर्तिजापूर जंक्शनपासून दक्षिणेकडे यवतमाळची शाखा 113 किमी. आणि उत्तरेकडे अचलपूरची शाखा 76 किमी.; दोन्ही मिळून 189 किमी. अकोला, वाशीम, यवतमाळ आणि अमरावती या चार जिल्ह्यांतून गेलेल्या या मार्गावर आज गाडी धावत नाही. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हा 35 किमी.चा मार्ग शकुंतला बांधणाऱ्या कंपनीनेच, याच मापाचा बांधला होता. तोही बंद आहे.

मार्गाचा जन्म कापसातून झाला. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर काळ्या मातीच्या या प्रदेशाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेचा भुसावळ–नागपूर लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, आणि खामगावची कापूसपेठ 1870 मध्ये स्वतंत्र फाट्याने त्याला जोडली गेली. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या कारंजा, दारव्हा, यवतमाळ, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या गावांचा माल मात्र पुढची कित्येक वर्षे बैलगाड्यांतूनच येत राहिला. वऱ्हाडातले पावसाळी रस्ते कसे असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या अडचणीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

सरकारने अशा शाखा स्वतः न बांधता खासगी भांडवलावर सोपवल्या. मुंबईची किलिक निक्सन ही व्यापारी पेढी 1857 पासूनची. तिच्या व्यवस्थापनाखाली 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला होता, म्हणून कंपनीला हे नाव. ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्र्यांशी 1913 मध्ये करार झाला आणि 1917 अखेर दोन्ही शाखा आणि पुलगाव–आर्वी असे तिन्ही मार्ग वाहते झाले. व्यवस्था अशी होती : मार्ग कंपनीच्या मालकीचा, गाड्या चालवायच्या जी.आय.पी.ने, आणि उत्पन्नात दोघांचा वाटा.

अरुंद माप निवडण्यामागे काटकसर होती. हलके रूळ, कमी उंचीचे भराव, लहान पूल आणि छोटी स्थानके यांवर भागत असे. उत्तरेची शाखा पयानघाटातून, म्हणजे पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून, सातपुड्याच्या पायथ्याकडे जाते. दक्षिणेची शाखा बालाघाटाच्या, म्हणजे दक्षिण वऱ्हाडाच्या, पठारावर चढते, त्यामुळे तिच्यावर वळणे आणि चढ अधिक. दोन्हींकडे खरा त्रास मातीचा. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भराव हलतो, खडी खाली बसते, रूळ वाकडे होतात. मार्गाच्या देखभालीवर पुरेसा खर्च करणे थांबले तेव्हा ही माती गाडीचा वेग ठरवू लागली, आणि अखेरच्या काळात तो ताशी 20 किमी.च्या आसपास उरला.

रेल्वेने गावांची घडण बदलली. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस स्थानकांच्या आसपास वसले. शेतकऱ्याची गाडी बाजारात, बाजारातून कापूस जिनात, तिथून गाठी वाघिणीत (मालडब्यात), मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवून मुंबईला, आणि पुढे बोटीने विलायतेला, असा हा क्रम. मूर्तिजापुरात दोन मापांच्या गाड्या एकमेकींशेजारी येत, पण वाघीण पुढे जाऊ शकत नसे. प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून पलीकडे जाई. या मार्गाच्या इतिहासात हमालांचा उल्लेख फार थोडा येतो. तो यायला हवा, कारण अरुंद मापात वाचलेल्या पैशाची किंमत रोज तेच मोजत होते.

मूर्तिजापूरलाच इंजिनांची शेड होती. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन 1923 पासून या मार्गावर धावले आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. तोवर कापूस ट्रकवर गेला होता आणि गाडी उरली होती ती प्रवाशांची : मजूर, विद्यार्थी, भाजीवाल्या, कारंज्याच्या गुरुमंदिराला निघालेले दत्तभक्त. बसच्या मानाने तिकीट अगदी थोडे होते, म्हणून वेळ कितीही लागला तरी लोक तिला सोडायला तयार नव्हते. कर्मचारी इतके कमी झाले होते की गार्डच तिकिटे देई आणि गाडीबरोबरची माणसेच उतरून फाटक लावत आणि उघडत.

या रेल्वेविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे ‘ती अजून इंग्रजांच्या मालकीची आहे’. ही गोष्ट अर्धवट आहे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, 1951 मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली, पण हा मार्ग सरकारच्या मालकीत गेला नाही आणि जुन्या कराराची दर दहा वर्षांनी येणारी मुदत पुढे सरकत राहिली, इतके खरे. मात्र कंपनी मुंबईची होती आणि किलिक निक्सन पुढे भारतीयांच्या हाती आली. परकी मालकीच्या नवलकथेने मूळ प्रश्न झाकला : मार्ग एकाचा, गाडी दुसऱ्याची, आणि रूळ बदलण्याचा खर्च कोणी करायचा यावर कायमचे घोंगडे भिजत पडलेले. शकुंतलेचा ऱ्हास त्यातून झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

2010 नंतरच्या दशकात आधी यवतमाळची आणि नंतर अचलपूरची गाडी बंद पडली. 2016 मध्ये मार्ग रुंदमापी करण्याचा, सुमारे 1,500 कोटी रुपयांचा, प्रस्ताव जाहीर झाला. गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून मार्गावरील गावांतून आंदोलने झाली.

अवशेष भरपूर आहेत आणि त्यांची पद्धतशीर नोंद तातडीने व्हायला हवी. शेतांमधून जाणारा कमी उंचीचा भराव, ओढ्यांवरचे छोटे पूल, गवतात बुडालेले रूळ, बसकी स्थानके ही त्यातली ठळक. यवतमाळ, लाडखेड, दारव्हा मोतीबाग, कारंजा, लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर ही स्थानकांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. दर्यापूरच्या स्थानकाचे नाव बनोसा, हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही. अभ्यासकाने स्थानकाबरोबर जवळचे जुने जिन-प्रेसही पाहावेत. रेल्वे कशासाठी आली होती ते तिथे अधिक स्पष्ट दिसते.

यवतमाळला रुंदमापी रेल्वे मिळणार आहे ती वेगळ्या दिशेने, वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाने. त्याचा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. कारंजा, दारव्हा आणि अंजनगावसाठी मात्र जुन्या मार्गाचे रुंदीकरण हीच मागणी कायम आहे.