पार्श्वभूमी : सरकत नाही तरी 'स्कॅन'

बीड-परभणीकडून बोन स्कॅनसाठी छत्रपती संभाजीनगरला आलेल्या पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, "मशीनचं लई रेडिएशन बसतंय का ओ?" बोन स्कॅन ज्यावर होतो त्या गॅमा कॅमेऱ्यापुरते उत्तर सोपे आहे : मशीन काहीच सोडत नाही. सुईतून दिलेले किरणोत्सारी औषध हाडांत बसते, किरण पेशंटच्या अंगातून निघतात आणि कॅमेरा ते टिपतो. तरी गैरसमज हटत नाही. माझ्या मते याला निम्मा जबाबदार 'स्कॅन' हा शब्द.

1950 च्या दशकात थायरॉइडची तपासणी खरोखरच स्कॅन होती. औत तासामागून तास धरते तसा डिटेक्टर गळ्यावरून ओळीओळीने सरकायचा आणि कागदावर ठिपक्यांचे चित्र उमटायचे. दशक संपता संपता कॅलिफोर्नियात तयार झालेल्या गॅमा कॅमेऱ्याने हे सरकणेच काढून टाकले. अख्खा अवयव एकदम दिसू लागला. गॅमा किरणांना वळवणारे भिंग नसते, म्हणून पुढे भोकाभोकांचे शिसे लावतात. तिरपे येणारे किरण त्यातच अडकतात. जे पार होतात ते सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात लकाकी उठवतात. मागे बसवलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांपैकी जवळच्या नळीला ती जास्त दिसते, लांबच्या नळीला कमी. या फरकावरून जागा ठरते. पहिल्या कॅमेऱ्यात अशा सातच नळ्या होत्या.

यंत्र बदलले, शब्द मात्र जुनाच राहिला. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की पूर्ण अंगाच्या बोन स्कॅनमध्ये टेबल हळूहळू सरकते. पण थायरॉइडच्या चित्रात ना टेबल हलते ना कॅमेरा, आणि रिपोर्टवर तरीही 'थायरॉइड स्कॅन'च. त्यात सीटी स्कॅनही स्कॅनच! तिथे मशीन क्ष-किरण सोडते. दोन्हीला एकच नाव असल्यावर लोकांनी दोन्हीला सारखेच भ्यावे, यात त्यांचा काय दोष?

कॅमेरा रुळला तो 1960 च्या दशकात, टेक्नेशियम-99एम हा औषधात घालायचा किरणोत्सारी पदार्थ हाताशी आल्यावर. त्याच्या किरणांची 140 केईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा स्फटिकाला मानवते, आणि दर 6 तासांनी ते निम्मे होते. पेशंटच्या दृष्टीने हे चांगले, लांबच्या गावाच्या दृष्टीने वाईट. रात्री 9 ला मुंबईहून निघालेले टेक्नेशियम सकाळी 9 ला लातुरात चौथा हिस्साच उरेल. म्हणून पाठवतात ते मॉलिब्डेनम-99 चे जनरेटर. मॉलिब्डेनम निम्मे व्हायला 66 तास लागतात आणि त्यातून टेक्नेशियम तयार होत राहते. इंग्रजीत या जनरेटरला चक्क गाय म्हणतात. सकाळी धार काढली की दुसऱ्या सकाळपर्यंत पुन्हा भरते, आठवडाभरात आटत जाते. आपल्याकडच्या गोठेवाल्याला हे वेगळे समजावायला नको.

मॉलिब्डेनम येते मोजक्या, जुन्या अणुभट्ट्यांतून. 2009 च्या मे महिन्यात कॅनडातली भट्टी बंद पडली ती 2010 च्या ऑगस्टमध्येच सुरू झाली; मधल्या काळात नेदरलँड्समधलीही दुरुस्तीला गेली. अनेक देशांत तपासण्या लांबल्या.

अलीकडे मात्र गॅमा कॅमेऱ्याला सीटी जोडून येते. ते चालू केले की मशीनमधूनही किरण निघतात. म्हणजे नातेवाइकांना आता आधी विचारावे लागते, सीटी जोडलेले आहे का, आणि आज ते वापरणार का.