सुक्या गोदीचे आधुनिकीकरण : भूतांत्रिक (माती, खडक आणि भूजलाची) बाजू

जहाज आत घेऊन दरवाजा लावायचा आणि पाणी उपसून तळ दुरुस्तीसाठी मोकळा करायचा, यासाठी किनाऱ्यावर बांधलेला दगडी किंवा काँक्रीटचा हौद म्हणजे सुकी गोदी. जुनी गोदी रुंद वा खोल करताना धास्ती जहाजाच्या वजनाची कमी आणि रिकाम्या गोदीची जास्त असते. उपसा झाला की भोवतालच्या जमिनीतले पाणी भिंतींना आत ढकलते आणि फरशीला खालून उचलू पाहते. फरशीचा तळ भूजलपातळीखाली १२ मीटर असेल, तर चौरस मीटरमागे सुमारे १२ टन उत्थापक दाब येतो. तो नुसत्या वजनाने पेलायचा तर काँक्रीट पाचएक मीटर जाड हवे. पर्ल हार्बरची पहिली गोदी याच दाबाने १७ फेब्रुवारी १९१३ रोजी, बांधकाम चालू असतानाच कोसळली. ती वापरात यायला १९१९ उजाडले.

जाडी परवडत नसेल तर फरशी खडकात नांगरतात, म्हणजे खडकात रोवलेल्या पोलादी सळ्यांनी जखडतात, किंवा तिच्याखाली निचऱ्याच्या नळ्या घालून पंप चालू ठेवतात. जुन्या गोद्यांत खोड बहुधा या निचऱ्यातच सापडते. नळ्या गाळाने बुजल्या तर दाब वाढतो. पाण्याबरोबर बारीक वाळू वाहून गेली तर फरशीखाली पोकळी होते, आणि ती वरून दिसत नाही. मूळ नकाशांवर फार विसंबता येत नाही. फरशीतून बोअर घेऊन गाभे (नमुन्याचे दंडगोल) काढतात, पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या) बसवतात आणि भरती-ओहोटीबरोबर नोंदी घेतात. एखाद्या पिझोमीटरची पातळी भरतीमागोमाग चढू लागली, की समुद्राला आत यायची वाट कुठे आहे ते कळते. मग तिथे ग्राउटिंग, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरून वाट बुजवणे.

खोली वाढवणे अधिक जोखमीचे. भिंतीच्या पायथ्याची माती काढली की तिचा आतला टेका जातो. म्हणून आधी पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) ठोकून किंवा मागे नांगर ताणून भिंत धरतात आणि खोदाई तुकड्या-तुकड्यांनी करतात.

भूकंपप्रवण भागात भिंतीमागचा सैल, ओला भराव हादऱ्यांनी द्रवरूप होण्याचा, म्हणजे पातळ चिखलासारखा वागून भिंतीवर रेटण्याचा, धोका असतो. वॉशिंग्टन राज्यातील पाणबुड्यांच्या चार गोद्या अमेरिकी नौदलाने जानेवारी २०२३ मध्ये भूकंपाच्या धास्तीने थांबवल्या. पुढे काहींच्या भिंतींत नांगर बसवून त्या पुन्हा सुरू केल्या.

दर वेळी जुन्यालाच हात घालतात असे नाही. मुंबईच्या नौदल गोदीत १७५० पासूनची दगडी गोदी आहे. विमानवाहू जहाजांसाठी मात्र तिथे २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद नवी गोदी समुद्रातच उभारली. २०१९ मध्ये तिचे उद्घाटन झाले.