‘स्टेपडाउन’ : एक शब्द, तीन वस्तू (पार्श्वभूमी)

ठाण्यात किंवा वाशीत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या काउंटरवर नुसतं ‘स्टेपडाउन द्या’ म्हटलं, की दुकानदार आधी विचारतो, ‘कशासाठी?’ त्याचा प्रश्न रास्त असतो. अमेरिकेहून आणलेल्या मिक्सरसाठी 230 चे 110 व्होल्ट करणारा जड ट्रान्सफॉर्मर, सॉकेटमध्ये खोचायचा 12 व्होल्टचा अडॅप्टर आणि काड्यापेटीहून लहान डीसी मॉड्यूल, या तिन्ही वस्तू इथे एकाच नावाने मागितल्या जातात. गेल्या दहा-बारा वर्षांत तिसऱ्या वस्तूचा खप इतका वाढला आहे की आधी या शब्दाचा गुंता सोडवायला हवा.

व्होल्ट उतरवायच्या पद्धतीही तीन. शाळेत शिकवतात तो स्टेपडाउन म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). ते फक्त एसीवर चालतं. त्यात व्होल्ट उतरतात तेव्हा त्याच हिशेबाने अँपिअर चढतात आणि आत दोन वेगळी वेटोळी असल्यामुळे मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या विजेची, वायर बाहेरच्या बाजूला थेट जोडलेली नसते. हा तिसरा गुण सर्वांत मोलाचा आणि सर्वांत आधी विसरला जाणारा. 230 चे 110 करणारे बरेच स्वस्त नग ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत वेटोळं एकच आणि विलगता शून्य. त्याच कामासाठी ‘कन्व्हर्टर’ म्हणून मिळणारी हलकी, 1600 वॉटची प्रवासी डबी ट्रान्सफॉर्मरच नव्हे. ती एसीच्या लहरीचा तुकडा कापून देते. इस्त्री, हेअर ड्रायर अशा तापणाऱ्या वस्तूंना ती चालते, इलेक्ट्रॉनिक वस्तू तिच्यावर लावल्या तर जळू शकतात. आणि कशानेही 110 व्होल्ट केले तरी 60 हर्ट्झसाठी बनलेली साधी एसी मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सुमारे सतरा टक्के हळूच फिरते.

दुसरा प्रकार लिनियर रेग्युलेटरचा, म्हणजे 7805 हा आयसी (चिप) आणि त्याची भावंडं. (घरात रेग्युलेटर म्हटलं की पंख्याचा, त्यामुळे इथेही घोळ आहेच.) यालाही सर्रास स्टेपडाउन म्हणतात, पण यात अँपिअर चढत नाहीत. जेवढा करंट आत, तेवढाच बाहेर. वरचे व्होल्ट उष्णता होऊन जातात. 12 व्होल्ट आत, 5 व्होल्ट बाहेर आणि अर्धा अँपिअर लोड धरला तर साडेतीन वॉट नुसतीच धग. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेला 7805 एवढं सोसत नाही. तो तापून स्वतःला बंद करतो, थंड झाला की चालू होतो आणि बघणाऱ्याला वाटतं बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे.

तिसरा बक, म्हणजे वर सांगितलेलं लहान डीसी मॉड्यूल. तो डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि कॉइल, डायोड, कपॅसिटरच्या मदतीने पुन्हा सपाट करतो. 12 चे 5 करून 1 अँपिअर घेतला तर एलएम2596 सारखा आयसी सुमारे 80 टक्के कार्यक्षमतेने चालतो आणि आत जेमतेम 0.52 अँपिअर ओढतो. त्याच कामाला 7805 पूर्ण 1 अँपिअर घेऊन 7 वॉट उष्णता टाकेल. म्हणजे करंटच्या हिशेबात बक रोहित्राच्या रांगेत बसतो, सुरक्षिततेच्या हिशेबात मात्र नाही. त्याचा इनपुट आणि आउटपुटचा मायनस एकच असतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही मायनसना टोकं लावली की बीप वाजतो. एकच नाव चालवल्याने हाच फरक झाकला जातो आणि ‘स्टेपडाउन लावलाय, आता काय होणार’ म्हणून लोक निर्धास्त होतात. व्होल्ट उतरणं आणि वीज वेगळी होणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. म्हणून तिसऱ्या वस्तूला ‘बक’ म्हणणंच बरं.

आता इतिहास. 1880 च्या दशकात डीसी उतरवायची सोपी युक्ती नव्हती, रोहित्राने एसी सहज उतरवता येत होता. घरोघरी एसी पोचण्याचं ते मोठं कारण. अर्धवाहक (सेमीकंडक्टर) आले आणि डीसी तोडणं स्वस्त झालं. आपल्याकडे बॅटरी एलिमिनेटरचा, म्हणजे सेलऐवजी मेन्सवर उपकरण चालवणाऱ्या डबीचा, जमाना बराच काळ टिकला : 9-0-9 किंवा 12-0-12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, 1एन4007 चे डायोड, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि परवडलं तर पुढे 7805. सुटे भाग आणायला ठाणेकर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठत. 7805 नसलेल्या ‘12 व्होल्ट’ एलिमिनेटरवर लोड नसताना मीटर 15-16 व्होल्ट दाखवतो. माळ्यावरचा असा नग आजच्या राउटरला लावण्याआधी ही गोष्ट माहीत हवी.

बकचे आयसी 1980 च्या दशकापासून होते. आधी 34063, मग 52 किलोहर्ट्झवर चालणारा 2576, त्यानंतर 150 किलोहर्ट्झचा 2596. फ्रीक्वेन्सी वाढली तशी कॉइल लहान झाली. तरी कॉइल निवडणं, शॉटकी डायोड शोधणं, बोर्डावर तारा आखूड ठेवणं हे सगळं डोक्याला ताप होतं. 2010 नंतर चित्र पालटलं ते तयार मॉड्यूलमुळे. आयसी, कॉइल, डायोड, दोन कपॅसिटर आणि आउटपुटचे व्होल्ट ठरवायचा स्क्रूवाला निळा प्रीसेट, सगळं सोल्डर करूनच हातात पडू लागलं. ऐरोली-कोपरखैरणेच्या डिप्लोमाच्या मुलांपासून गणपतीच्या मखरात एलईडी पट्ट्या लावणाऱ्यांपर्यंत सगळे तेच वापरू लागले. बोर्ड बनवणारेही त्याच वाटेने गेले. 2012 च्या पहिल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर लिनियर रेग्युलेटर होते. 2014 च्या बी प्लस या त्याच्या पुढच्या आवृत्तीवर स्विचिंग, म्हणजे बकसारखे, आले आणि अर्धा ते एक वॉट वाचला. 2010 च्या आर्डुइनो उनो या हौशी प्रकल्पांच्या बोर्डावर लिनियर होता, म्हणून बाहेरून 7 ते 12 व्होल्टच द्यायचे. 2023 च्या उनो आर4 वर बक आला आणि ती मर्यादा 6 ते 24 झाली.

निळ्या प्रीसेटबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे, कारण जळालेल्या उपकरणांच्या मागे तो फार वेळा असतो. तो अनेक वेढ्यांचा असतो. नवीन मॉड्यूलचा आउटपुट बहुधा इनपुटच्या जवळपासच ठेवलेला असतो. स्क्रू डावीकडे फिरवत राहिलं तरी पहिले दहा-बारा वेढे मीटर हलत नाही. घाईतला माणूस तेवढ्यात ‘खराब आहे’ म्हणून सोडून देतो किंवा तसंच जोडून टाकतो. लोड न जोडता आधी मीटरवर 5.0 आणायचे, मगच उपकरण लावायचं. पुढचा धोका दमट हवेचा. खाडीकाठच्या पावसाळ्यात प्रीसेटची आतली पट्टी गंजते आणि संपर्क सुटतो. हा प्रीसेट आउटपुट आणि फीडबॅक पिन (आयसी जिथून आउटपुटवर नजर ठेवतो ती) यांच्या मध्ये असतो. तो तुटला की आयसीला वाटतं आउटपुट शून्यावर गेला. तो पूर्ण जोर लावतो आणि 5 व्होल्टच्या तारेत 12 येतात. उपाय एका सोल्डरिंगचा आहे. फीडबॅकपासून मायनसला जाणारा रेझिस्टर बहुतेक नगांवर 330 ओहमचा असतो. तो मोजून घ्या. आयसी फीडबॅक पिनवर 1.23 व्होल्ट राखतो, म्हणून प्रीसेट काढून त्या जागी 1 किलोओहमचा पक्का रेझिस्टर टाकला की 4.96 व्होल्ट मिळतात. 12 व्होल्ट हवे असतील तर 2.7 किलो आणि 180 ओहम एकापुढे एक.

2596 च्या मॉड्यूलसाठी सांगितला जाणारा ‘3 अँपिअर’ हा आकडा आयसीचा आहे, उघड्या मॉड्यूलचा नव्हे. हीटसिंकशिवाय सतत 2 अँपिअरच्या आत राहावं, बंद डब्यात दीड. रंग बदलणाऱ्या 5 व्होल्टच्या पट्टीतला एकेक एलईडी पूर्ण पांढरा असताना 60 मिलिअँपिअरपर्यंत घेतो. एक मीटर लांबीत 60 एलईडी म्हणजे 3.6 अँपिअर; एक मीटर पट्टीलाही हा मॉड्यूल पुरत नाही. शिवाय 150 ऐवजी 50 किलोहर्ट्झच्या आसपास चालणारे नकली आयसी बाजारात सर्रास आहेत. तेवढ्या फ्रीक्वेन्सीला ती छोटी कॉइल अपुरी पडते आणि लवकर तापते.

बकचाच दुसरा, लहान आयसी एमपी1584, त्याचं दुखणं वेगळं. त्याची कमाल 28 व्होल्ट. 24 व्होल्टची जिवंत पिन लांब तारेने खटकन जोडली की इनपुटच्या सिरॅमिक कपॅसिटरवर क्षणभर जवळजवळ दुप्पट व्होल्ट उसळतात आणि आयसी जातो. इनपुटला 100 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर समांतर लावला की उसळी दबते.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये बकचा खरा फायदा दिसतो तो सीसीटीव्हीत. नेटवर्क केबलच्या एका जोडीतून 12 व्होल्ट 40 मीटर नेले आणि कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला, तर साडेतीन व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात. दिवसा कसंबसं भागतं. रात्री इन्फ्रारेड एलईडी पेटले की लोड वाढून कॅमेरा रिस्टार्ट होत राहतो. तीच केबल 24 व्होल्टवर चालवून कॅमेऱ्यापाशी बक लावला तर वाटेत दोनेक व्होल्ट जातात, उरलेल्या बावीसातून 12 आरामात निघतात. जोडाला पाणीरोधक डबी मात्र हवीच.

12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, तेव्हा घरून काम चालू होतं. राउटर बॅटरीवर कसा चालवायचा याची विचारणा अशा दिवसांनी वाढते. तिथे बकची सीमा आडवी येते : इनपुट आउटपुटपेक्षा किमान दीड व्होल्ट वर हवा. तीन लिथियम सेलची बॅटरी भरलेली असताना 12.6 आणि उतरताना 9 व्होल्ट देते. तिच्यातून सतत 12 काढणं बकच्या आवाक्यात नाही, तिथे गरजेप्रमाणे व्होल्ट उतरवणारा आणि चढवणारा बक-बूस्ट लागतो. बॅटरीवर कायम जोडून ठेवायचं असेल तर आणखी एक हिशेब : 2596 लोड नसतानाही सुमारे 5 मिलिअँपिअर पितो, म्हणजे दिवसाला 120 मिलिअँपिअर-तास, वर मॉड्यूलवरचा दिवा वेगळा.

अलीकडे टाइप-सी चार्जरमधून 12 व्होल्ट काढणारे छोटे ट्रिगर बोर्ड आले आणि बक मोडीत निघेल असं बोललं जातं. पण या चार्जरच्या प्रमाणित पायऱ्या 5, 9, 15 आणि 20 व्होल्टच्या, 12 ऐच्छिक. चार्जरकडे 12 नसतील तर काही ट्रिगर 9 वर उतरतात, काही 5 वरच राहतात आणि राउटरचा दिवा लुकलुकतो. ट्रिगर 15 वर ठेवून पुढे पक्क्या रेझिस्टरचा बक 12 वर लावला की राउटर चालतो. लोड जोडून मीटरवर एकदा 12 बघावेत, मगच डबीचं झाकण लावावं.