सहभागी अध्यापन

वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचार करायला, तो बोलून, लिहून किंवा करून दाखवायला आणि इतरांच्या विचारांशी ताडून पाहायला लावणाऱ्या शिकवण्याच्या पद्धतींना मिळून सहभागी अध्यापन म्हणतात. सक्रिय अध्ययन, कृतियुक्त अध्ययन हे शब्दही जवळपास याच अर्थाने वापरले जातात. जोडीने चर्चा, गटकार्य, प्रयोग, प्रकल्प, नाट्यीकरण, विद्यार्थ्यांनी एकमेकांना समजावणे असे कितीतरी प्रकार यात मोडतात. मात्र खेळ, गाणी किंवा रंगीत साहित्य वर्गात आले म्हणजे अध्यापन सहभागी झाले, असे होत नाही. सगळी मुले तासभर कागद कापण्यात आणि चिकटवण्यात रमली, पण विषयाबद्दल कुणालाच डोके चालवावे लागले नाही, तर हात गुंतले एवढेच. उलट, फळ्यावर लिहिलेला एकच नेमका प्रश्न सगळा वर्ग ढवळून काढू शकतो.

करून शिकण्याचा आग्रह जुना आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून बालवाडीची कल्पना पुढे आली. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा काढली, तर मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले. तिघांचे मार्ग वेगळे होते, पण मूल म्हणजे भरायचे रिकामे भांडे नव्हे, ही धारणा तिघांचीही होती.

सहभागाची गरज नेमकी कुठे भासते, हे ‘कळलं का?’ या प्रश्नातून दिसते. त्याला सगळ्या वर्गाचे एका सुरात उत्तर येते, ‘हो’. त्या होकारात ज्याला कळले तो असतो, कळल्यासारखे वाटले तो असतो आणि लवकर सुटका हवी असलेलाही असतो. शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. याऐवजी ‘०.३ मोठा की ०.२५?’ असा प्रश्न टाकून प्रत्येकाला उत्तर आणि त्याचे कारण पाटीवर किंवा वहीत लिहायला सांगितले, तर चित्र पालटते. काही मुले ०.२५ मोठा म्हणतात, कारण २५ हा ३ पेक्षा मोठा. पूर्ण संख्यांमध्ये खरा ठरलेला नियम त्यांनी दशांश चिन्हाच्या पलीकडे तसाच नेलेला असतो. खरी गंमत पुढे आहे. ०.३ मोठा असे बरोबर लिहिणाऱ्यांपैकी काहींचे कारण असते, ‘दशांश हे शतांशांपेक्षा मोठे असतात, म्हणून कमी अंकांची संख्या मोठी.’ उत्तर बरोबर, समज चुकीची. लगेच ‘०.४ मोठा की ०.८३?’ असे विचारले की हीच मुले ०.४ लिहितात, आणि मघाशी चुकलेली मुले याचे उत्तर बरोबर देतात, तेही चुकीच्याच कारणाने. फक्त उत्तरे तपासणाऱ्याला या दोन्ही चुका वर्षभर दिसल्या नाहीत, तरी नवल नाही. कारण विचारणाऱ्याला त्या पाच मिनिटांत दिसतात. सहभागी अध्यापनाचे मर्म मला इथे दिसते: विद्यार्थी बोलता होतो तेव्हा तो शिकतोच, पण त्याच क्षणी शिक्षकालाही आपल्या शिकवण्याचे खरे रूप कळते.

त्यासाठी लागणारी सर्वांत साधी गोष्ट म्हणजे थांबणे. अमेरिकी विज्ञानशिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर ते प्रश्न बदलतात, दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी ते जास्त थांबतात, मागे पडलेल्यांसाठी कमी. म्हणजे ज्याला वेळेची खरी गरज त्याच्याच वाट्याला तो कमी येतो. हा विराम तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केल्यावर उत्तरे लांब आणि सकारण झाली, आपणहून बोलणारे वाढले आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी झाले. प्रश्नानंतरच्या विरामाइतकाच उत्तरानंतरचा विरामही मोलाचा ठरला, कारण त्या शांततेत विद्यार्थी आपलेच वाक्य पुढे नेतो किंवा दुरुस्त करतो. शिक्षकही बदलले. त्यांचे प्रश्न संख्येने कमी आणि विचारांनी खोल झाले, आणि काही मुलांबद्दलच्या त्यांच्या अपेक्षा उंचावल्या. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण सगळ्यांचे डोळे आपल्याकडे लागलेले असताना गप्प उभे राहणे सोपे नाही. त्याचा सराव करावा लागतो.

महाविद्यालयीन पातळीवर या विचाराला मोठी चालना हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या अनुभवातून मिळाली. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षांचे निकालही चांगले लागत. पण बल आणि गती यांच्या मूलभूत समजेची चाचणी दिल्यावर वर्गातून विचारणा झाली: उत्तरे तुम्ही शिकवलेत त्याप्रमाणे द्यायची, की आम्ही खरोखर विचार करतो त्याप्रमाणे? जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतो, या प्रश्नाला न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असणारेही ‘ट्रक’ असे उत्तर देत. दोन्ही बले सारखीच असतात. यातून मझूर यांनी १९९१ पासून सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत रुजवली. थोडे शिकवून झाले की संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी कुणाशीही न बोलता आपले उत्तर नोंदवायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर वेगळे उत्तर दिलेला शेजारी गाठून त्याला आपले म्हणणे पटवायचे आणि मग पुन्हा उत्तर द्यायचे. फारच थोड्यांना जमले असेल, तर शिक्षकाने तो भाग पुन्हा शिकवायचा. नुकतेच समजलेल्या विद्यार्थ्याला आपली अडचण कुठे होती, हे ताजे आठवत असते. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला ती अडचण दिसेनाशी झालेली असते.

परिणामांचे पुरावे भक्कम आहेत. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवीवर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झालेले दिसले, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत २१.८ टक्के. तरीही विद्यार्थी या पद्धतीवर नाराज असल्याचे पुष्कळदा आढळते. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या एका प्रयोगात सक्रिय वर्गातले विद्यार्थी जास्त शिकले होते, पण आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे सहज समजल्यासारखे वाटते. स्वतः झगडताना आपले अज्ञान जाणवते. म्हणून ही अस्वस्थता शिकण्याचाच भाग आहे, हे सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकणे फार आवश्यक आहे. ते सांगितले नाही, की चांगली पद्धत ‘सर काही शिकवतच नाहीत’ या तक्रारीत वाया जाते.

आक्षेपही ऐकून घेण्याजोगे आहेत. पॉल किर्श्नर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडले, की विषयात नवखा असलेल्या विद्यार्थ्याला फारसे मार्गदर्शन न देता ‘तूच शोध’ म्हटले, तर त्याची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी थोड्याच गोष्टी मनात धरून त्यांवर विचार करण्याची क्षमता, धडपडीतच खर्ची पडते आणि शिकणे राहून जाते. हे बरोबर आहे. नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे आणि स्पष्ट निवेदन हवेच. जाण वाढेल तसा आधार काढून घ्यायचा. सहभाग म्हणजे शिक्षकाने बाजूला होणे नव्हे. गटकार्यातही असेच घडते: कामाची वाटणी नीट नसेल तर एकजण राबतो आणि बाकीचे नाव लावतात. एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, गोरी आणि कृष्णवर्णीय मुले नव्यानेच एका वर्गात बसू लागल्यावर निर्माण झालेल्या तणावातून जी ‘जिगसॉ’ पद्धत घडवली, तिच्यात प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकच तुकडा असतो आणि तो त्याच्याकडून ऐकल्याशिवाय गटाचे काम पुरे होत नाही. त्यामुळे एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या मुलाचेही सगळ्यांना ऐकावेच लागते.

शिक्षकाच्या वाढीसाठी एखाददुसरे प्रशिक्षण सहसा पुरत नाही. प्रशिक्षणात टाळ्या पडतात आणि वर्गात परतल्यावर पाठाच्या आखणीचे जुनेच टाचण बाहेर निघते. जपानमध्ये दीर्घ काळ चालत आलेली ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठ-अभ्यासाची पद्धत वेगळी आहे. काही शिक्षक मिळून एकाच पाठाची बारकाईने आखणी करतात: कोणता प्रश्न, कोणत्या शब्दांत, त्यावर मुले काय काय उत्तरे देतील आणि प्रत्येक उत्तराला पुढे काय म्हणायचे. मग एकजण तो पाठ घेतो. बाकीचे वर्गात उभे राहून मुलांना पाहतात: कोण कुठे अडला, कुणी काय खोडले, कुणाचा हात अर्धा वर जाऊन खाली आला. नंतरच्या बैठकीत या नोंदी मांडल्या जातात. पाठ सगळ्यांचा असल्याने शिकवणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही, आणि वरिष्ठांच्या निरीक्षणाची धास्ती जाऊन त्या जागी कुतूहल येते. पाठात दुरुस्त्या होतात आणि पुष्कळदा दुसरा शिक्षक तो दुसऱ्या वर्गावर घेऊन पाहतो. या वेळी ०.३ आणि ०.२५ च्या लगेच मागे ०.४ आणि ०.८३ ची जोडी टाचणात लिहिलेली असते.